दत्तकपत्राने सदस्यत्व वाचणार नाही, मुलगी मात्र जाईल

ताई, ग्रामपंचायतीच्या निवडणुका आल्या की तुमच्यासारखी पत्रं हमखास येतात. तुम्ही मराठवाड्यातल्या एका गावच्या सदस्य. मोठी मुलगी, मग मुलगा, आणि निवडून आल्यावर तिसरी मुलगी. दोनपेक्षा जास्त मुलं झाली म्हणून तुमचं सदस्यत्व रद्द करा, असा विरोधी गटाने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. नोटीस हातात पडल्यावर तुम्ही धाकटीचं दत्तकपत्र दिरांच्या नावे नोंदवून टाकलंत, कारण ‘दत्तक मूल मोजत नाहीत’ असं कुणीतरी सांगितलं. सुनावणीत ते चालेल का, एवढंच तुम्हाला विचारायचं आहे.

चालणार नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-१) खालच्या स्पष्टीकरणात दत्तक मूल वगळलं आहे हे खरं. पण ती सवलत दत्तक घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नाही. उद्या तुमचे दीर उभे राहिले तर त्यांचे दोन मुलगेच धरले जातील. तुमच्या पोटची तिन्ही लेकरं मात्र तुमचीच धरली जातील. ओडिशातल्या एका सरपंचाने हाच मार्ग काढला होता, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बंद केला. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेलं तिसरं मूल पद घालवतं, ही गोष्ट गावातल्या प्रत्येक पॅनलप्रमुखाला पाठ असते. तुम्हाला ती कुणी आधी सांगितली नाही, की सांगूनही कुणी ऐकलं नाही, हे मला कळत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांचा निकाल विरोधात गेला तर अपिलाला पंधरा दिवस मिळतात. पण अपिलात मांडायला तुमच्याकडे काय आहे? स्थगिती मिळवून पाच वर्षांची मुदत काढणारे मी पाहिले आहेत. आपल्याकडे निकाल इतके रेंगाळतात की ते साधतंही. तुम्हाला साधेल की नाही, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. राजीनाम्याने पुढची निवडणूक मात्र मोकळी होत नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. ‘मुदत संपली की पोरगी परत नावावर घेऊ’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. ताई, वैध दत्तक रद्द करता येत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ चं कलम १५ स्पष्ट आहे. दिरांना मुलगी नाही, म्हणजे त्यांना मुलगी दत्तक घेण्यात त्या बाजूने आडकाठीही नाही. जावेने उद्या ‘ही माझी’ म्हटलं तर कायदा तिच्या बाजूने उभा राहील.

पत्रातली एक ओळ तेवढी तुमच्या कामाची आहे: पोरगी अजून तुमच्याच कुशीत झोपते, एक रात्रही दिरांच्या घरी राहिलेली नाही. मूल प्रत्यक्ष देणं-घेणं झालं नसेल तर दत्तक होत नाही. नोंदणीकृत कागदामुळे न्यायालय दत्तक झालं असं गृहीत धरतं, पण पुराव्याने ते खोडता येतं. दत्तक झालंच नाही असं दिवाणी न्यायालयाकडून ठरवून घ्यायला ते कळल्यापासून तीन वर्षं मिळतात. तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, म्हणजे मुदत सही केल्यापासूनच चालू झाली. दीर-जाऊ आज खरं सांगायला तयार असतील तर दावा सोपा जाईल. वाटणीवरून बिनसल्यावर ते काय सांगतील, याची हमी मी देऊ शकत नाही. मुलीला दिलं-घेतलं असं तुम्ही सगळ्यांनी सह्या करून लिहून दिलं आहे, त्याचा जाबही विचारला जाईल. म्हणून वकिलापासून काही लपवू नका.

हा नियम मला मान्य नाही. हरियाणाचा असाच कायदा २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला, पुढे हरियाणानेच तो काढला; आंध्रनेही २०२४ मध्ये काढला. आपल्याकडे तो आहे. मुलं किती, हे घरात बाईला क्वचितच विचारतात, आणि खुर्ची तिची जाते. पण त्यापायी दीड वर्षाच्या पोरीचं नाव कागदोपत्री दुसऱ्या घरात ढकलायचं, हे तुम्हीही करायला नको होतं.

सुनावणीत जन्माबद्दल खोटं बोलू नका. दवाखान्याची नोंद अर्जाला जोडलेलीच असणार. अंगणवाडीच्या रजिस्टरात आईच्या रकान्यात जावेचं नाव लावायला निघाला आहात, ते आजच थांबवा. रेशनकार्डावरही मुलीचं नाव तुमच्याच घरात राहू द्या. लसीकरण कार्ड आणि दत्तकपत्राची प्रत घेऊन तालुक्याच्या दिवाणी वकिलाकडे सुनावणीच्या आधी जा.