वाचक विचारतात: रायफलची काडतुसे भरायला पहिला प्रेस कोणता?

प्रश्न: मी टेक्सासमध्ये राहतो. .308 विंचेस्टरची बोल्ट-ॲक्शन रायफल आहे, महिन्याला शंभरेक काडतुसे लागतात. पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी) घरीच प्रेसवर, म्हणजे हँडलच्या दाबयंत्रावर, पुन्हा भरायच्या आहेत. रेंजवरचे सगळे प्रोग्रेसिव्ह प्रेस घ्या म्हणतात. काय करू?

उत्तर: एवढ्या कामाला सिंगल-स्टेज, म्हणजे एका वेळी एकच काम करणारा, प्रेसच घ्या. प्रोग्रेसिव्हवर हँडलच्या दर ओढीला एक काडतूस तयार होते. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना हा वेग उपयोगी पडतो, पण रायफलच्या पुंगळीचा वेळ प्रेसवर जातच नाही. तिला वंगण लावा, डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, आकारात आणा, वंगण पुसा, लांबी मोजा, 2.015 इंचांवर गेली असेल तर 2.005 पर्यंत कापा आणि तोंडाची धार काढा; बहुतेक वेळ यातच जातो. शिवाय लांबट दाण्यांची पावडर यंत्राच्या नळीत अडते. मग एका पुंगळीत कमी पडते आणि अडलेली पुढच्या पुंगळीत जादा उतरते. सिंगल-स्टेजवर 50 पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवण्याआधी टॉर्चच्या उजेडात सगळ्यांतली पातळी ताडून पाहता येते. ही तपासणी कधीही गाळू नका.

प्रेस निवडताना सांगाडा पाहा. ‘ओ’ आकाराचा, बंद, ओतीव लोखंडाचा हवा. ‘सी’ आकाराचा, त्यातही ॲल्युमिनियमचा, जोर आला की किंचित फाकतो आणि पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) दर वेळी निराळा बसतो. बोल्ट-ॲक्शनला खांदा एक-दोन हजारांश इंच मागे सरकवला की पुरते, तेव्हा एवढी फाकही महागात पडते. आरसीबीएसचा रॉक चकर सुप्रीम आणि लीचा क्लासिक कास्ट दोन्ही भक्कम आहेत. दोन्हींत 7/8-14 आट्यांच्या (7/8 इंच जाडी, इंचाला 14 आटे) डाय बसतात, मग त्या कोणत्याही कंपनीच्या असोत. लीच्या प्रेसमध्ये जुने प्रायमर (पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोप्या) पोकळ रॅममधून, म्हणजे वर-खाली होणाऱ्या दांड्यातून, नळीवाटे खाली जातात, शिसे असलेली काजळी टेबलावर सांडत नाही. घरात लहान मुले असतील तर मी तोच सुचवेन. टेबल मात्र जड हवे, आणि प्रेस लाकडी स्क्रूंनी न बसवता आरपार बोल्टने आवळा.

अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरते भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, तरी आपल्या राज्याचे नियम पाहून घ्या. भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याविना काडतुसे बनवणे गुन्हा आहे.

प्रश्न: पुंगळी डायमध्ये अडकली. हँडल ओढले तर तिची कडच तुटली. आता डाय टाकून द्यायची का?

उत्तर: नाही, डाय वाचते. पुंगळीत जिवंत प्रायमर नाही ना, ते आधी पाहा. मग डायमधली मधली दांडी वर फिरवून जमेल तेवढी बाजूला घ्या. पुंगळीच्या बुडाला भोक पाडून 1/4-20 चे आटे पाडा. वर पोकळ टोपी ठेवून बोल्ट आवळत गेलात की पुंगळी सुटते. याचा तयार संच मिळतो. हे झाले ते वंगण कमी पडल्याने. पुढच्या वेळी पुंगळीच्या अंगाला, विशेषतः बुडाकडच्या भागाला, पातळ थर लावा. खांद्यावर मात्र नको, तिथे वंगण साचले की खळगे पडतात. नवी डाय असेल तर आतले गंजरोधक तेल पुसल्याशिवाय वापरू नका.