चालता येईल अशा वस्त्यांसाठी कार्यकर्ते आणि नियोजनकार पैसा कुठून आणतात, आणि हे लोकांच्या गळी कसं उतरवतात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुम्ही नगररचनेचे विद्यार्थी आहात आणि 'निधीअभावी फूटपाथ रखडतात' यावर प्रबंध करताय. विषय बदला. मी बँकेत तीस वर्षं काढली आहेत, 'पैसा नाही' असं कोण कधी म्हणतं ते मला चांगलं कळतं. फूटपाथसाठी पैसा असतो, दरवर्षी खर्चही होतो. अडतं ते गाडी कुठे लावायची यावर.

आमच्या पेठेतलंच सांगते. गावाचं नाव लिहीत नाही, घरचे लोक इथे वाचतात. मंडईपासून शाळेपर्यंतचा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, त्यातलं भांड्यांचं दुकान माझ्या धाकट्या दिरांचं. २०१८ साली नगरसेविकेने वॉर्ड निधीतून, म्हणजे वॉर्डातल्या छोट्या कामांसाठी ठेवलेल्या पैशातून, सात लाखांचा फूटपाथ मंजूर करून घेतला आणि पेठेत बोंब उठली, पार्किंग गेलं तर गिऱ्हाईक जाईल. सगळ्यांत चढा आवाज भाऊजींचा. रविवारी जेवणाच्या पानावर मला म्हणाले, "वहिनी, आता रिटायर झालात, काशीला जाऊन या. धंद्यातलं तुम्हाला काय कळतंय?"

पुढच्या शनिवारी संध्याकाळी सहाला मी वही घेऊन त्यांच्या समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसले. चार रकाने आखले: पायी, सायकल, दुचाकी, चारचाकी. आठपर्यंत ६१ माणसं आत गेली. ३८ पायी, १९ दुचाकीवरून, एक सायकलवाला आणि फक्त तिघं चारचाकीतून. दुकानाच्या ऐन तोंडाशी एक पांढरी गाडी मी यायच्या आधीपासून उभी होती, मी उठले तरी हलली नव्हती. ती भाऊजींची! वही दाखवली तर म्हणाले, "त्या दिवशी अमावास्या होती." होतीच, मी कालनिर्णय बघितलं. म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा बसले. आकडे थोडे वाढले, पण रकान्यांचा हिशेब तोच.

तुमच्या 'गळी कसं उतरवायचं'चं माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे. व्यापाऱ्याला परदेशातले फोटो दाखवू नका, त्याच्या स्वतःच्या उंबऱ्यावरचा आकडा दाखवा. टीशर्ट वाटून वॉकेथॉन काढणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही, निम्मे लोक तिथे गाडीने येतात. त्यापेक्षा पुण्याचं बरं. तिथे २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन करतात. एक दिवस का होईना, रस्ता मुळात केवढा रुंद आहे ते डोळ्यांना दिसतं. केंद्राच्या २०२० च्या 'स्ट्रीट्स फॉर पीपल' चॅलेंजमध्येही तेच होतं. आधी रंग, कुंड्या, बॅरिकेड लावून तात्पुरतं करून बघा, जमलं तर पक्कं करा.

आता पैसा. वॉर्ड निधी आहेच. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी छोटी कामं सुचवता येतात. औंधचा डीपी रस्ता स्मार्ट सिटीतून झाला. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात रस्त्याच्या कडा फरसबंद करणं धूळ कमी करण्याच्या नावाखाली बसतं. पण मागायचंच असेल तर चेन्नईसारखं मागा. तिथे २०१४ च्या धोरणात वाहतुकीच्या बजेटचा किमान ६० टक्के वाटा चालणं आणि सायकलसाठी ठेवायचं ठरलं. सुट्या कामांसाठी दर वर्षी हात पसरण्यापेक्षा हे बरं. प्रादेशिक प्राधिकरणांकडून मात्र फार आशा ठेवू नका. एमएमआरडीएला (मुंबई महानगराचं विकास प्राधिकरण) पादचाऱ्याची आठवण झाली तेव्हा स्कायवॉक निघाले, २००८ मध्ये वांद्र्याचा पहिला. म्हणजे चालणाऱ्याने जिने चढायचे आणि खालचा रस्ता गाड्यांना मोकळा!

आमचा फूटपाथ झाला. वर्क ऑर्डर मार्चमध्ये निघाली, एकतीस तारखेच्या आत मोजमाप पुस्तक (किती काम झालं याची सरकारी नोंदवही) भरून बिलही निघालं. मी टेप घेऊन गेले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात (आयआरसी १०३, ऐकलं असेलच) चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी, दुकानांच्या रस्त्यावर २.५, आणि उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. आमच्याकडे विजेच्या डीपी बॉक्सपाशी ७० सेंटिमीटर उरलं होतं आणि उंची नऊ इंच, म्हणजे जवळपास २३० मिलिमीटर. सासूबाईंनी एकदा पाय वर टाकून बघितला आणि परत रस्त्यावरून चालू लागल्या. जूनमध्ये पाइपलाइनसाठी खोदलं, ब्लॉक कसेबसे परत बसवले. खोदाईचे पैसे भरून घेतले होते ना, असं विचारलं तर इंजिनीअर म्हणाला, "मॅडम, ते दुसऱ्या हेडला जमा होतात." प्रबंधात त्या हेडचा, म्हणजे हिशेबातल्या त्या खात्याचा, माग काढा, फार उपयोग होईल.

दोन गोष्टी राहिल्या, आधीच सांगायला हव्या होत्या. माझी मोजणी एका दुकानाची, दोन संध्याकाळींची आहे. फर्निचरवाल्याकडे हा हिशेब चालणार नाही. आणि आम्ही 'फूटपाथ मोकळा करा' असं पत्र दिलं तेव्हा पहिली उचलली ती कोथिंबीर विकणारी मावशी, तेही फेरीवाल्यांना संरक्षण देणारा २०१४ चा पथविक्रेता कायदा असताना. ते पत्र मीच लिहिलं होतं. तुम्ही लिहाल तेव्हा 'गाड्या' हा शब्द स्पष्ट घाला. शिवाय मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फूटपाथ हा संविधानाच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या अधिकारातला, हक्क मानलाय, तेही जोडा.

भाऊजी अजून म्हणतात की धंदा पडला. मग गेल्या दिवाळीला शेजारचा गाळा कशाच्या जिवावर घेतला, ते सांगत नाहीत. नऊ इंचांची तक्रार करून करून मी त्यांच्या दुकानापाशी व्हीलचेअरसाठी उतार करून घेतला. आता त्याच उतारावरून त्यांची पांढरी गाडी फूटपाथवर चढते. गाडी चढू नये म्हणून बोलार्ड (छोटे खांब) मागितलेत, इस्टिमेट झालंय.