कातडी काळी पडली, म्हणजे कॅन्सर परत आला का?

दादांच्या नडगीवर लहानपणी भाजल्याचा व्रण. त्यावर वर्षभर न भरलेली जखम, तुकडा तपासल्यावर त्वचेचा कॅन्सर निघाला. जखम भोवतालच्या चांगल्या कातडीसकट काढली आणि तिथे मांडीची पातळ कातडी लावली. पाचव्या दिवशी पट्टी उघडली, तर कडेला रुपयाएवढा भाग काळा. दादा गप्प झाले. वहिनींनी विचारलं, "ताई, आजार परत उगवला का हो?"

नाही. तेवढी कातडी धरली नाही, इतकाच त्याचा अर्थ. कॅन्सर पुरता निघाला का, हे काढलेल्या भागाच्या कडांचा रिपोर्ट सांगतो. इथे कडा मोकळ्या होत्या, म्हणजे कडांमध्ये कॅन्सर नव्हता. ती ओळ डॉक्टरांकडून वहिनींना वाचून दाखवली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग कातडी मेली का? लावलेल्या कातडीला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस ती खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगते. पुढे खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिला जोडल्या जातात आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत रक्त खेळू लागतं. मध्ये रक्त किंवा पाणी साचलं, कातडी सरकली किंवा जंतू शिरले, की हे जोडणं तुटतं. दादा तिसऱ्या रात्री पलंगावर शौचाचं भांडं नको म्हणून चालत संडासला गेले आणि उकिडवे बसले होते. कलम बांधलेली फांदी हलवली तर काय होतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड होती: उशीखालची तंबाखू. ओढा किंवा चघळा, निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, आणि कातडीला तेच रक्त हवं असतं. रागावून काही साधत नाही. 1800-11-2356 ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे. पहिला फोन दोघांनी मिळून केला.

आणि जेवण! "डाळीने पू होतो" म्हणून वहिनी नुसता भात-पेज देत होत्या. डाळीने पू होत नाही. मूत्रपिंडाचा आजार नसेल, तर वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. दोन अंडी 12 ग्रॅमच्या आसपास देतात. म्हणून दूध, वरण, उसळ, मासे प्रत्येक जेवणात हवेत.

काळा भाग डॉक्टरांनी काढला. एवढी छोटी जागा पट्ट्यांवर कडेने भरत येते. परवानगी मिळेपर्यंत पाय उशीवर उंच, लोंबता ठेवायचा नाही. चालायला लागल्यावर बोटांपासून गुडघ्यापर्यंत क्रेप बँडेज, तेही पलंगावरून उतरण्याआधी. मांडीची जागा जास्त दुखते, ती साधारण दोन आठवड्यांत भरते. तिथली चिकटलेली पट्टी ओढायची नाही. नवी कातडी कोरडी पडते, म्हणून पूर्ण भरल्यावर रोज खोबरेल हलक्या हाताने लावायचं आणि ती उन्हापासून झाकायची.

दुर्गंधी, पू, ताप, पसरणारी लाली दिसली तर त्याच दिवशी यायचं. काही महिन्यांनी कडेला कडक गाठ, न भरणारा फोड किंवा जांघेत गाठ लागली, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही.