परीक्षेआधीच अठरा

प्रश्न : सर, सहा वर्षांपूर्वी बालकल्याण समितीच्या आदेशानं बालगृहातला एक मुलगा आमच्या घरी सांभाळायला आला. त्याला आई-वडील नाहीत. मला मावशी म्हणतो. सध्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मार्चमध्ये १८ पूर्ण होतील आणि त्याचं महिन्याचं अनुदान थांबेल. हे कळल्यापासून एकच धोशा : ‘आयटीआय सोडतो, डिलिव्हरीचं काम धरतो, तुमच्यावर भार नको.’ काय करावं? (एक मावशी, मानेवाडा)

उत्तर : ताई, काहीही करा, पण आयटीआय सुटू देऊ नका. अर्धवट इलेक्ट्रिशियनला ठेकेदार हेल्पर म्हणूनच घेतो आणि मग पोरगा वर्षानुवर्षं दुसऱ्याची शिडी धरून उभा राहतो. मी फिटर ट्रेडला सत्तावीस वर्षं शिकवलं. अशी शिडी धरलेली पोरं अजूनही सीताबर्डीच्या बाजारात भेटतात, ‘सर, शेवटची परीक्षा तेवढी राहून गेली’ म्हणतात. डिलिव्हरीचं काम वाईट नाही. पण पेट्रोल, गाडीचा हप्ता आणि मे महिन्यातली नागपूरची दुपार वजा जाता हातात काय उरतं, ते त्याच्याकडूनच कागदावर मांडून घ्या.

‘भार’ हा शब्द त्याला कुठून सापडला, तेही बघा. अनुदान जमा झाल्याचा मेसेज आपण घरात सहज मोठ्यानं वाचतो. पोरं ऐकत असतात.

आता कागद. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४६ मध्ये १८ पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आर्थिक मदतीची तरतूद आहे. याला अनुरक्षण म्हणतात, म्हणजे अठरानंतरचा आधार. तो २१ वर्षांपर्यंतचा, आणि मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये धरलेत. मेख अशी की कलमात शब्द आहेत ‘संस्था सोडणारं मूल’. ‘तुमचा तर घरी राहतो’ म्हणून टेबलावरूनच परत पाठवतील. म्हणून तोंडी विचारूच नका. वाढदिवसाच्या आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात लेखी अर्ज द्या, बालगृहातल्या काळाचा दाखला आणि समितीचा आदेश जोडा, पोच घ्या. सोबत अनाथ प्रमाणपत्राचाही अर्ज करा. राज्यात २०१८ पासून अनाथांना १ टक्का आरक्षण आहे.

परीक्षा झाली की लगेच ॲप्रेंटिसशिप. नागपुरात रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपच्या जागा निघतात, निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते. विद्यावेतन पगाराएवढं नसतं. तो नाक मुरडेल, मुरडू द्या.

मला खरी काळजी वेगळीच आहे. माझ्या हाताखाली अनाथालयातला एक मुलगा होता. कानशीनं लोखंड घासून सपाट करण्यात त्याचा हात असा, की वर काटकोन तपासायचा गुण्या ठेवला तर खालून उजेड दिसायचा नाही. हिंगणा एमआयडीसीत मुलाखतीला गेला, फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्याशी थांबला आणि पेन तिथंच ठेवून उठून आला. दुसऱ्या वेळी मी सोबत गेलो, त्यानं ‘हयात नाहीत’ एवढंच लिहिलं आणि पुढं गेला. काम मिळालं, तर तिसऱ्या आठवड्यात सुपरवायझर काहीतरी बोलला आणि हा दोन दिवस खोलीवर पडून. बाकीची पोरं अशा रात्री घरी जाऊन आदळआपट करतात, आई ओरडते, सकाळी डबा घेऊन पुन्हा कामावर. याच्याकडे आदळायला भांडंच नव्हतं. तुमच्याकडे आहे. तेव्हा मार्चनंतरही त्याची खाट जिथं आहे तिथंच राहू द्या, किल्लीही त्याच्याकडेच. हे त्याला वाढदिवसाच्या आधी स्पष्ट शब्दांत सांगा. न सांगता कळेल या भरवशावर राहू नका.

आणखी एक. त्याचं बँकेतलं खातं अज्ञान, म्हणजे अल्पवयीन म्हणून उघडलेलं असेल. १८ झाले की नवी केवायसी, नवी सही लागते. नाही केली तर पहिलं विद्यावेतन यायच्या वेळेलाच खातं अडतं. त्या दिवशी बँकेत सोबत जा. फॉर्मवर नॉमिनीचं नाव आणि त्याच्याशी नातं असे दोन रकाने येतील. तिथं तुम्ही काही सुचवू नका. नुसतं बाजूला बसा.