सल्ला द्या, फतवा नको

प्रश्न : आमच्या ऑनलाइन मुस्लिम समुदायात लोक लग्न, तलाक, घरातले कलह यांवर खासगीत सल्ला मागतात. अशी सेवा सुरू करावी का?

उत्तर : करा, पण मसला (शरियतच्या नियमाचा प्रश्न) आणि सल्ला आधी वेगळे काढा. तलाक झाला की नाही, हे उच्चारलेले नेमके शब्द, त्यामागचा हेतू, माणूस इस्लामी कायद्याच्या हनफी परंपरेतला की शाफई, यांवर ठरू शकते. चार ओळींच्या संदेशावरून निकाल देणे म्हणजे अंदाजाने कुणाचा तरी संसार मोडणे. असे प्रश्न थेट मुफ्तींकडे, म्हणजे फतवा देणाऱ्या धर्मशास्त्रज्ञांकडे, पाठवा.

नवरा-बायकोच्या भांडणात तुमच्यापुढे एकच बाजू येते आणि सल्ला फसतो तो इथेच. कुरआनातल्या सूरह निसा या अध्यायाची 35वी आयत दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमायला सांगते. तुम्ही तिथवर वाट दाखवा. मारहाण किंवा आत्महत्येचा विचार दिसला, तर मात्र ‘सब्र करा, धीर धरा’ म्हणून थांबू नका! ती व्यक्ती आत्ता सुरक्षित आहे का, हे लगेच विचारा आणि आपत्कालीन मदत मिळवून द्या.

स्त्रियांसाठी स्त्री सल्लागार हवीच. नाव-गाव विचारू नका, आणि प्रकरण मिटले की संदेश पुसून टाका.