फी सगळ्यांना सारखीच, मग विषमता कसली?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गणिताच्या प्रकल्पासाठी मी 'कॉलेजचा खर्च आणि आर्थिक विषमता' हा विषय घेतला. सर म्हणाले, "हे अर्थशास्त्र झालं, यात गणित कुठाय?" मैत्रिणी म्हणतात, फी तर सगळ्यांना एकच आहे, विषमता कसली? विषय बदलू का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : विषय मुळीच बदलू नकोस. सरांना हवं असलेलं गणित तुझ्या मैत्रिणींच्या प्रश्नातच आहे. फी सगळ्यांना सारखी असते म्हणूनच विषमता वाढते. हे माझं मत नव्हे, ते सिद्ध करता येतं.

पाच घरं घे. महिन्याची मिळकत १०, १४, २०, ३६ आणि १२० हजार. आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुझे तू घरोघरी जाऊन आण. एकूण दोन लाख, सरासरी ४० हजार. पाचातली चार घरं सरासरीच्या खालीच आहेत, तेव्हा मध्यकही लिही, म्हणजे बरोबर मधल्या घराची मिळकत, तो २० हजार. आता तळापासून वाटे मोजत वर ये. सगळ्यांत खालच्या घराकडे एकूण मिळकतीच्या ५ टक्के, खालच्या दोघांकडे मिळून १२, तिघांकडे २२, चौघांकडे ४०. आडव्या अक्षावर घरांचा वाटा, उभ्यावर मिळकतीचा वाटा घेऊन हे बिंदू जोडलेस की झाला लॉरेंझ वक्र. मॅक्स लॉरेंझने तो १९०५ साली मांडला. सगळ्यांना सारखं मिळालं असतं तर वक्राऐवजी सरळ कर्ण आला असता; तो कर्ण आणि हा वक्र यांच्यामधल्या क्षेत्रफळाची दुप्पट म्हणजे जिनी गुणांक, कोराडो जिनीचा, १९१२ सालचा. समलंब चौकोनांची क्षेत्रफळं काढून बघ, उत्तर ०.४८ येतं. शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं, आणि आकडा १ च्या जवळ सरकेल तशी मिळकत थोड्यांच्या घरात साठते.

आता पाचही घरांतलं एकेक मूल एकाच कॉलेजात घाल. फी, पुस्तकं, बस, जेवण धरून महिन्याला ६ हजार. हाती उरले ४, ८, १४, ३० आणि ११४ हजार. पुन्हा जिनी काढ. ०.५७! कुणावरही जास्तीचा रुपया लावलेला नाही, तरी दरी रुंदावली.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. घरांच्या सगळ्या २५ जोड्यांमधल्या (प्रत्येक घराची प्रत्येकाशी, स्वतःशीही) मिळकतीच्या फरकांची सरासरी काढायची आणि तिला सरासरी मिळकतीच्या दुपटीने भागायचं, अशीही जिनीची व्याख्या करता येते. प्रत्येकातून तेच ६ हजार वजा केले की फरक आहेत तसेच राहतात, सरासरी मात्र ४० वरून ३४ वर येते. अंश तोच, छेद लहान. म्हणून नवा जिनी म्हणजे जुना जिनी गुणिले ४० भागिले ३४. हे बीजगणितात मांड, आणि अट लिहायला विसरू नकोस : खर्च सगळ्यांत लहान मिळकतीपेक्षा कमी हवा. मग पुढचं तपास. खर्च मिळकतीच्या ठरावीक टक्क्याने घेतला तर जिनी हलत नाही. खालच्या दोन घरांचा सगळा खर्च शिष्यवृत्तीने उचलला तर तो ०.५७ वरून ०.४९ वर येतो. सरांना हे दाखव.

हा झाला पहिला भाग. मला स्वतःला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे फी भरायची तारीख. फी जून-जुलैत मागतात. तेव्हा खानापुरात रोप लावण चाललेली असते, पैसे मजुरीत आणि खतात गेलेले, आणि भात हाती यायला नोव्हेंबर उजाडतो. ऊसवाल्याचा हंगाम तर पुढेच सुरू होतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यावर १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात कितव्या दिवशी मिळाले, हे प्रत्येक घरी विचार. निपाणीकडच्या विडी कामगार बाईला मजुरी हजार विड्यांमागे मिळते, तिच्या घरची फी हजार विड्यांत मोजून दाखव. रुपयांपेक्षा ते माप बोलकं आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीची आई बेळगावच्या वडगावात मागावर बसायची. त्या आईने एकदा ट्रंकेतून कागद काढून माझ्यापुढे ठेवले. फीची पावती आणि बोरमाळ गहाण ठेवल्याची पावती, दोन्ही एकाच टाचणीत, दोन्हींवर तारीख एकच. गहाणाच्या पावतीमागे व्याजाचे महिने तिने पेन्सिलीने एकाखाली एक मांडले होते. तिने भरलेली फी त्या दोन कागदांची मिळून होते. कॉलेजच्या दप्तरात त्यातली एकच पावती आहे.

याचं गणित असं. इंजिनिअरिंगचं उदाहरण धर, वर्षाला ८० हजार, चार वर्षं, म्हणजे ३,२०,०००. पहिलं घर रोख भरतं. दुसरं घर बँकेचं शैक्षणिक कर्ज काढतं, दर १० टक्के मानू. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, सरळव्याज चढतं, ते १,१२,००० होतं. मग ४,३२,००० वर सात वर्षं दरमहा ७,१७२ चा हप्ता, एकूण सुमारे ६ लाख २ हजार. 'तीन लाख वीस हजारांचे सहा लाख झाले' असं लिहून मोकळी होऊ नकोस. बारा वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. रोख भरणाऱ्याचे पैसेही ठेवीत वाढले असते. ठेवीचा दर ७ टक्के धरून दोन्हींची आजची किंमत काढ, म्हणजे ते सगळे पैसे पुढे भरता यावेत म्हणून आज किती ठेवावे लागतील ते : रोख सुमारे २,९०,०००, कर्ज सुमारे ३,४१,०००. म्हणजे तीच पदवी दुसऱ्या घराला जवळपास १८ टक्के महाग पडली. आकडा छोटा वाटेल, पण परीक्षकांपुढे तोच टिकेल.

तिसरं घर खासगीत उचलतं, महिना शेकडा दोन. वर्षाला ते २४ टक्के होतात. दर वर्षी ८० हजार उचलले आणि नुसतं व्याजच भरत राहिलं, तर पहिल्या वर्षी महिन्याला १,६००, चौथ्या वर्षी ६,४००. चार वर्षांत १,९२,००० व्याज गेलं आणि ३,२०,००० मुद्दल जसंच्या तसं डोक्यावर. हे घर बँकेत का गेलं नाही, तेही विचार. बहुतेक ठिकाणी उत्तर कागदांचं येईल आणि प्रवेशाच्या मुदतीचं येईल. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलत आहे, पण ती निवडक संस्थांपुरती. आसपासची कोणती कॉलेजं त्या यादीत आहेत ते पोर्टलवर पाहून घे.

खर्चाचं कोष्टक करताना आपल्या भागाची गोष्ट सोडू नकोस. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकामुलींना राज्याच्या हद्दीत साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. खानापूर ते बेळगाव तुला शून्य रुपये, तुझ्या भावाला पास. पण निपाणीच्या मुलीने कोल्हापूरचं कॉलेज घेतलं तर हद्द ओलांडल्यावर तिला तिकीट आहे. मुलगा-मुलगी आणि हद्दीच्या अलीकडे-पलीकडे, असे चार रकाने कर.

सर्व्हे फक्त आपल्या वर्गात करू नकोस. वर्गात बसलेल्या प्रत्येकाने फी कशीतरी भरलेलीच आहे. ज्यांना जमली नाही ते पीयूसीनंतर, म्हणजे बारावीनंतर, घरी थांबले, उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला लागले, शिवणाच्या मशीनवर बसले. त्यांच्याशिवायचा तुझा जिनी खऱ्यापेक्षा कमी येण्याची भीती आहे. तुझ्या दहावीच्या वर्गाची हजेरी मिळव आणि त्या यादीने घरोघरी जा. दारात उभं राहून मिळकत किती असं विचारलंस तर कुणी खरं सांगणार नाही, सांगावं तरी का? फी भरली त्या दिवशी पैसे कुठून आणले आणि ते कधी फिटले, एवढं विचार. वहीत नाव लिहू नकोस, घराला नुसता क्रमांक दे, आणि हे त्यांना आधीच सांग.