वाचकांचे प्रश्न : ‘शिकितेन’ म्हणजे नेमका कोणता कार्यक्रम?

प्रश्न : माझे नर्सिंग झाले आहे. जपानमध्ये वृद्धांच्या सेवेच्या कामासाठी जायची तयारी चालू आहे. वहीत ‘शिकितेन’चा अर्थ ‘समारंभ, कार्यक्रम’ असा उतरवून घेतला होता. बहिणीच्या साक्षगंधावर पाच वाक्ये लिहिताना तोच शब्द वापरला, तर शिक्षकांनी खोडला. ‘गिशिकि’, ‘ग्योऽजि’, ‘मात्सुरि’ यांच्यापुढेही वहीत ‘कार्यक्रम’च लिहिले आहे. यांतला फरक कसा ओळखायचा?
— एक वाचक, ता. उमरखेड, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, शिक्षकांनी खोडले ते योग्यच. अडचण जपानीची नाही, आपल्या ‘कार्यक्रम’ या शब्दाची आहे. आपल्याकडे झेंडावंदन हा कार्यक्रम, तेरवी हाही कार्यक्रम आणि रात्रीची खडी गंमत हाही कार्यक्रमच. जपानी भाषा या प्रत्येकाला वेगळा शब्द देते.

‘शिकितेन’ दोन चित्राक्षरांचा आहे. ‘शिकि’ म्हणजे ठरलेली रीत. ‘तेन’ म्हणजे प्रमाण मानलेला ग्रंथ. शब्दकोशाला ‘जितेन’ म्हणतात, त्यातला ‘तेन’ हाच. म्हणजे शिकितेन हा संस्थेने, गावाने किंवा सरकारने भरवलेला औपचारिक सोहळा. त्यात काय कशानंतर होणार हे आधीच कागदावर छापलेले असते, आणि त्या कागदाला ‘शिकिशिदाइ’ म्हणतात.

ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीचे उद्घाटन डोळ्यांसमोर आणा. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, पाहुण्यांची भाषणे, आभार : इथपर्यंत शिकितेन. आभार झाले, पंगती बसल्या की शिकितेन संपला. जपानी पत्रिकांवरही पुष्कळदा असेच दोन भाग छापतात, पहिल्यात ‘किनेन शिकितेन’ आणि दुसऱ्यात ‘शुकुगाकाइ’, म्हणजे जेवणखाण आणि गाठीभेटी. कामावर हे लक्षात ठेवा. सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी जपानमध्ये ‘केइरोऽ नो हि’, म्हणजे ज्येष्ठांचा मान राखायचा दिवस असतो. त्या सुमारास वृद्धाश्रमात ‘केइरोऽकाइ’ भरते. तिथे कुणी ‘शिकितेननंतर आजींना खोलीत न्या’ म्हणाले, तर गाणीबजावणी संपायची वाट पाहायची नाही. भाषणे आणि सत्कार आटोपले की लगेच निघायचे.

‘गिशिकि’मध्ये विधी महत्त्वाचा, मग पाहुणे असोत वा नसोत. दीक्षाभूमीचे उदाहरण घ्या. 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्रिशरण आणि प्रतिज्ञा घेऊन जी धम्मदीक्षा झाली, ती गिशिकि. तिच्या स्मरणार्थ दरवर्षी मंचावर जो मुख्य सोहळा होतो, तो किनेन शिकितेन. एवढे एक उदाहरण पक्के केले तर या दोन शब्दांत गफलत होणार नाही. ‘ग्योऽजि’ म्हणजे वर्षाच्या ठरल्या वेळी येणारे : पोळा, तान्हा पोळा, शाळेचे स्नेहसंमेलन. ‘मात्सुरि’ला आपली जत्रा किंवा झाडीपट्टीतली मंडई जवळची.

राहिले साक्षगंध. घरच्या मंगलकार्याला शिकितेन म्हणत नाहीत. दोन्ही घरांनी वस्तूंची देवाणघेवाण करून लग्न ठरवण्याच्या जुन्या रीतीला जपानीत ‘युइनोऽ’ म्हणतात, आणि साक्षगंधाला तोच शब्द त्यातल्या त्यात जवळचा. लग्नसोहळा मात्र ‘केक्कोन्‌शिकि’. इथे एकटा ‘शिकि’ शेवटी जोडला जातो, आणि ही जोडणी तुम्हाला सर्वांत जास्त लागेल. शाळाप्रवेशाचा न्यूऽगाकुशिकि (एप्रिल), निरोपाचा सोत्सुग्योऽशिकि (मार्च), कंपनीत नव्याने रुजू झालेल्यांचा न्यूऽशाशिकि (बहुधा 1 एप्रिल). शेवटी ‘शिकि’ऐवजी ‘काइ’ दिसले, तर ते जमून बसणे. वर्षअखेरचे बोऽनेन्‌काइ, नव्या माणसाच्या स्वागताचे कान्‌गेइकाइ. काइमध्ये गप्पा मारायच्या, शिकिमध्ये गप्प बसायचे.

प्रश्न : मी रोमन लिपीवरून पाठ करतो. अर्थ येतो, पण शब्द बोललो की समोरच्याला कळत नाही. वाक्यात ‘नि’ आणि ‘दे’ यांचाही घोळ होतो.
— एक विद्यार्थी, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : आधी रोमन लिपी सोडा. ती वाचून आपण ‘शिकिटेन’ म्हणतो. जपानी उच्चार आपल्या ‘त’जवळ जातो, ‘ट’जवळ नाही. देवनागरीत लिहा आणि स्वर लांबवायचा असेल तिथे अवग्रह (ऽ) घाला.

मग टाळ्या वाजवून म्हणा : शि, कि, ते, न. चार टाळ्या, सारख्या अंतराने. शेवटच्या ‘न’लाही पूर्ण टाळी मिळाली पाहिजे. मराठीच्या सवयीने आपण तीन टाळ्यांत उरकतो आणि ‘ते’ लांबवतो, तिथेच शब्द बिघडतो. दोन अघोष (क, त, प, स, श यांसारख्या) व्यंजनांमध्ये सापडलेला इ किंवा उ जपानी बोलण्यात पुसट होतो, म्हणून ‘शिकि’ कानाला ‘श्‌कि’ असे लागते. तो पुसट झाला तरी त्याची टाळी चुकवायची नाही. ‘केक्कोन्‌शिकि’तला क्क मात्र आपल्याला सोपा आहे, ‘पक्का’ म्हणतो तसाच.

अवग्रहाचा आग्रह का, तेही सांगतो. ‘सोशिकि’ म्हणजे संघटना, संस्था. ‘सोऽशिकि’ म्हणजे अंत्यविधी. फरक फक्त एका टाळीचा. मुलाखतीत ‘तुमच्या संस्थेबद्दल वाचले’ म्हणताना ओ लांबला, तर भलतेच होऊन बसते. ही जोडी रोज दहा वेळा मोठ्याने म्हणा.

आता नि आणि दे. ‘समारंभाला हजर राहतो’ हे ‘शिकितेन नि शुस्सेकि शिमासु’. आपला ‘ला’ आणि त्यांचा ‘नि’ इथे चपखल बसतात. घोळ होतो तो ‘त’मुळे. ‘नगरपालिकेत कपाट आहे’ आणि ‘नगरपालिकेत समारंभ आहे’, मराठीत दोन्हीकडे ‘त’ आणि दोन्हीकडे ‘आहे’. जपानीत वस्तू असते तिथे ‘नि’, सोहळा घडतो तिथे ‘दे’. म्हणून : ‘आशिता कुजि कारा शियाकुशो दे शिकितेन गा आरिमासु’, उद्या नऊपासून नगरपालिकेत समारंभ आहे. इथे ‘नि’ घातला तर समारंभ कपाटासारखा ठेवून दिल्यासारखे वाटते. समारंभ ‘पार पडतो’ यासाठी ‘ओकोनावारेमासु’ हे क्रियापद शब्दासोबतच पाठ करा. सूचनाफलकावर तेच दिसेल.

सोहळ्यातल्या आज्ञाही आत्ताच शिकून घ्या : किरित्सु (उभे राहा), रेइ (वाकून नमस्कार), चाकुसेकि (बसा). सूत्रसंचालक भराभर बोलतो, समजावून सांगत नाही. चौथा शब्द ‘मोकुतोऽ’, म्हणजे मौन. हिरोशिमाच्या शांतता सोहळ्यात 6 ऑगस्टला सकाळी 8 वाजून 15 मिनिटांनी मोकुतोऽ होतो. राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते, ती तुमच्या तालुक्यापासून फार लांब नाही. मिनिट पाळून अख्खे मैदान स्तब्ध होते, त्यालाच मोकुतोऽ म्हणायचे.

लिहिताना ‘शिकि’च्या सहा रेघा आणि ‘तेन’च्या आठ. ‘शिकि’त उजवीकडची लांब तिरपी रेघ आकड्यासारखी वळवली आणि वर टिंब दिले की थांबायचे. त्या लांब रेघेला छेदणारी आणखी एक तिरकी रेघ देण्याची चूक सर्रास होते, कारण तशी रेघ असलेली दुसरी पुष्कळ अक्षरे आपण आधी शिकलेलो असतो. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत हाताने लिहावे लागत नाही, पण लिहून पाहिलेले अक्षर वाचताना चटकन ओळखू येते.

प्रश्न : मुलगा जपानमध्ये कामाला आहे. तिकडच्या एका समारंभाच्या पत्रिकेवर ‘हेइफुकु’, म्हणजे ‘साधे कपडे’ घालून या असे लिहिले आहे. जीन्स चालेल का?
— एक पालक, ता. चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : नाही चालणार, भाऊ. ‘हेइफुकु’चा शब्दशः अर्थ साधे कपडे असला, तरी पत्रिकेवर त्याचा अर्थ ‘अगदी मानाचा काळा पोशाख नको’ एवढाच. मुलाला गडद सूट, साधा शर्ट, टाय आणि पॉलिश केलेले बूट घालायला सांगा. काळा टाय नको, तो अंत्यविधीचा. समारंभ लग्नाचा असेल तर आहेराचे पाकीट लागेल. आपण 101, 501 देतो तसा तिथेही विषम आकडा शुभ, फक्त तिथे पहिला आकडा पाहतात. मित्र किंवा सहकारी 30,000 येन देतात, आणि नोटा कोऱ्या हव्यात. त्या बँकेतून आधीच बदलून घ्याव्या लागतात, म्हणून समारंभ रविवारी असेल तर शुक्रवारीच बँकेत जायला सांगा.